एका मीटरवरचा विजेता

टेंबुसू ब्रॉडबँड ही सिंगापुरातली मधल्या आकाराची इंटरनेट कंपनी. २०१५ साली तिने ठरवलं, की नव्या ग्राहकाला फायबरच्या जोडणीबरोबर घरातला वाय-फाय राउटरही आपणच द्यायचा. तोवर ग्राहक दुकानातून मनाला येईल तो राउटर आणत, तो नीट चालत नसे आणि शिव्या कंपनीला खाव्या लागत. आता राउटरही कंपनीचाच असणार होता, म्हणजे शिव्या निदान योग्य पत्त्यावर पोचणार होत्या.

कोणता राउटर घ्यायचा हे ठरवायला समिती नेमली गेली. तिचा प्रमुख प्रबोध सरपोतदार. तो पुण्याचा, अकरा वर्षांपूर्वी इंजिनियर म्हणून आला आणि चढत चढत ‘होम एक्स्पीरियन्स’ नावाच्या विभागाचा प्रमुख झाला. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात त्याच्या केबिनच्या काचेतून फेरीबोटींची ये-जा दिसे, आणि ती दाखवल्याशिवाय तो कुणाशीही कामाचं बोलत नसे. मला सर म्हणू नका, प्रबोध म्हणा, असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. जो खरोखरच प्रबोध म्हणायचा, त्याच्याशी पुढचे दोन महिने इंग्रजीत बोलायचा.

प्रत्यक्ष चाचण्या करायचं काम नरेश मेश्रामकडे होतं. नरेश नागपूरचा, अडतीस वर्षांचा, कंपनीत सहा वर्षं झालेला. त्याची बायको जान्हवी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात संशोधक होती. नऊ वर्षांच्या जाईला घेऊन दोघं चोआ चू कांगमध्ये बाराव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. नरेश प्रबोधला सर म्हणायचा. त्यामुळे त्यांचं बोलणं मराठीत व्हायचं.

चाचणीची खोली तळमजल्यावर होती. तिच्या भिंतींवर, छतावर, दाराच्या आतल्या बाजूलाही फोमचे काळे टोकदार ठोकळे लावलेले. बाहेरचा कुठलाही सिग्नल आत येत नसे आणि आतला कशालाही आपटून परत फिरत नसे. मधल्या लांब टेबलाच्या एका टोकाला राउटर ठेवायचा, त्यापासून बरोबर एक मीटरवर लॅपटॉप, आणि वेग मोजायचा. अशी खोली जगात कुणाच्याही घरी नसते, हे नरेशने पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं. प्रबोध म्हणाला, म्हणूनच ती निःपक्षपाती आहे.

चार पुरवठादारांचे चार राउटर आले होते. कागदोपत्री त्यांना ए, बी, सी, डी म्हणत. ए काळा होता, त्याला सहा अँटेना होत्या आणि अंगावर लाल पट्टे. तो टेबलावर ठेवला की उताणा पडलेला खेकडा वाटे, म्हणून चाचणीच्या खोलीत त्याचं नाव खेकडाच पडलं. डी पांढरा, गोलसर, अँटेना नसलेला, ती साबणदाणी. बी आणि सी कसे दिसायचे हे पुढे कुणालाही आठवत नव्हतं.

मूल्यमापनाचा तक्ता शंभर गुणांचा होता आणि तो समितीने सहा बैठका घेऊन तयार केला होता. वेगाला चाळीस गुण. दिसण्याला पंधरा. खोक्याला दहा, कारण ग्राहक आधी खोका उघडतो. मोबाइल ॲपला दहा. पुरवठादाराच्या सहकार्याला वीस. त्यात सहकार्य म्हणजे काय हे लिहिलेलं नव्हतं, पण ए-च्या पुरवठादाराने समितीला समुद्रकाठच्या एका हॉटेलात दोनदा जेवायला नेलं होतं आणि दोन्ही वेळा समितीचं सहकार्याबद्दल एकमत झालं होतं. अगदी तळाला ‘प्रत्यक्ष घर’ असा एक रकाना होता. त्याला पाच गुण. तो रकाना नरेशनेच मागून घेतला होता, आणि मुख्य म्हणजे तक्त्याची बेरीज पंच्याण्णव होत होती म्हणून तो मिळाला होता.

एका मीटरवर खेकडा पहिला आला. साबणदाणी चौथी आली. मग नरेशने चारही राउटर पिशवीत भरले आणि एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, घरी नेले.

सिंगापुरातल्या सरकारी वसाहतींच्या नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराजवळ एक छोटी खोली असते. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार. युद्ध झालंच तर कुटुंबाने आत बसायचं, म्हणून तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात. युद्ध काही झालं नाही, तेव्हा लोक तिच्यात तांदूळ, सुटकेस, टॉयलेट पेपर आणि सणासुदीपुरती लागणारी भांडी ठेवतात. फायबरचं कनेक्शनही कित्येक घरांत त्याच खोलीत काढलेलं असतं. त्यामुळे राउटरही तिथेच बसतो, आणि बॉम्ब बाहेर राहावा म्हणून बांधलेल्या भिंतींतून वाय-फायने बाहेर यावं अशी अपेक्षा असते. नरेशच्या घरी हेच होतं.

त्याने प्रत्येक राउटर चार-चार दिवस शेल्टरमध्ये ठेवला. घरातले फोन, टॅबलेट, जान्हवीचा लॅपटॉप, टीव्ही, सगळं जोडलं आणि दार लोटून घेतलं. खेकड्याने शेल्टरच्या आत डोळे दिपवणारा वेग दिला. हॉलमध्ये तो बरा होता. जाईच्या खोलीत नव्हताच. त्याचं सगळं बळ वेगवान लहरीवर होतं, आणि ती लहर काँक्रीटपुढे मान टाकते. संथ पण भिंतीतून जाणाऱ्या लहरीवर फोनला वेळेत वळवायचं शहाणपण त्याच्यात नव्हतं. शिवाय तिसऱ्या दिवशी तो गोठला आणि बटण दाबून जागा करावा लागला. साबणदाणीचा वेग कुठेच डोळे दिपवणारा नव्हता, पण तो घरभर होता, बाल्कनीतही.

जाईला कुणी विचारलं नव्हतं. तिने जेवताना आपण होऊन, शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत, निकाल सांगितला. “पपा, द स्पायडर वन कॅनॉट मेक इट लाह.”

नरेशने आणखी तीन घरांत हेच केलं. एक जान्हवीच्या मैत्रिणीचं, दोन शेजाऱ्यांची. निकाल तोच आला. त्याने एकतीस पानांचा अहवाल लिहिला, घरांचे नकाशे काढले, प्रत्येक खोलीतला वेग रंगाने दाखवला. खेकड्याच्या नकाशात शेल्टर हिरवंगार आणि घर लाल होतं.

समितीच्या बैठकीत प्रबोधने तो अहवाल चाळला आणि पहिला प्रश्न विचारला, की दार बंद का ठेवलं होतं. नरेशने सांगितलं, लोक बंद ठेवतात म्हणून. प्रबोधने समितीकडे पाहत समजुतीच्या सुरात सांगितलं, की प्रयोगशाळेतला निकाल सर्वांचा असतो, घरातला एकेकाचा. नरेशच्या घरच्या भिंतींवरून कंपनीने निर्णय का घ्यावा? आणि पाचपैकी पाच गुण साबणदाणीला देऊन टाकले तरी खेकडाच पुढे होता, तेव्हा वादाला जागाच नव्हती.

बैठक संपल्यावर त्याने नरेशला केबिनमध्ये बोलावलं. खिडकीतून बाटाम बेटाला निघालेली फेरीबोट दाखवली. मग म्हणाला, “हे बघ नरेश, ग्राहक वेग कुठे मोजतो? नवा राउटर आला की त्याच्या शेजारी उभा राहून. आपण त्याला तिथे खूश करायचं. नंतरच्या गोष्टी नंतर.”

घरांचे नकाशे आधी परिशिष्टात गेले. दोन दिवसांनी फाइल फार जड होते म्हणून परिशिष्ट गेलं. अकरा पानं उरली आणि शेवटच्या पानावर ‘चाचणी अभियंता’ असं लिहून सहीसाठी रेघ मारलेली होती. नरेशच्या एम्प्लॉयमेंट पासची मुदत दोन महिन्यांनी संपत होती. पास गेला तर नोकरी जाणार, फ्लॅट सोडावा लागणार, जाईची शाळा जाणार. प्रबोध त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. नरेशने सही केली.

आठवड्याभरात एचआरमधून फोन आला, की पास दोन वर्षांसाठी वाढवून मिळाला आहे. अर्ज महिन्यापूर्वीच गेला होता. विभागप्रमुखाचं मत घेतलं का, असं नरेशने विचारलं तेव्हा पलीकडची मुलगी जरा बुचकळ्यात पडली. असं काही विचारत नाहीत, यादी आपोआप निघते, असं म्हणाली. नरेशला पंधरा मिनिटं फार हलकं वाटलं. त्यानंतर जे वाटलं ते त्याने संध्याकाळी जान्हवीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “म्हणजे तुला कुणी भीती घातलीच नव्हती?”

खेकड्याचं अनावरण सिंहनृत्याने झालं. ढोल वाजले, दोन माणसांचा सिंह टेबलाभोवती नाचला आणि प्रबोधचा राउटरसह फोटो कंपनीच्या लॉबीत लागला. महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात कॉल सेंटरला माणसं कमी पडू लागली. तेव्हा प्रबोधच्या विभागाने एक रंगीत पत्रक काढलं. त्यात एक हसरं कुटुंब होतं, मागे शेल्टरचं पोलादी दार सताड उघडं होतं आणि वर लिहिलं होतं, की उत्तम अनुभवासाठी दार उघडं ठेवा. युद्धकाळात काय करायचं, याबद्दल पत्रकात काही नव्हतं.

दार उघडं ठेवूनही तक्रारी थांबेनात, म्हणून ग्राहकांच्या सवयींचा अभ्यास करायला नरेशला घरोघरी पाठवलं गेलं. त्याला एक फॉर्म दिला होता, त्यात ‘ग्राहकाची चूक’ हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे.

अशाच एका सकाळी तो चोआ चू कांगमधल्याच एका फ्लॅटमध्ये गेला. मिस्टर गोह नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. आयुष्यभर बस दुरुस्त करून निवृत्त झालेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि हाताने स्वयंपाकघराकडे दाखवलं. गोह शेल्टरमध्ये बसले होते. प्लास्टिकच्या ठेंगण्या स्टुलावर, एका बाजूला तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला टॉयलेट पेपरची चळत, आणि मांडीवर टॅबलेट. पर्थला राहणाऱ्या मुलीशी बोलत होते. पडद्यावर एक दीड वर्षाची नात चमचा आपटत होती. शेल्टरमध्ये पंखा नव्हता. गोहंचा बनियन पाठीला चिकटला होता.

बोलणं संपल्यावर त्यांनी नरेशला आत बोलावलं, पोत्यामागून दुसरं स्टूल काढून दिलं. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. गोहंनी कंपनीची तारीफ केली. इथे सिग्नलच्या सगळ्या कांड्या येतात, नात अगदी स्पष्ट दिसते. फक्त गुडघे दुखतात आणि उठताना बायकोला हाक मारावी लागते. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “मिस्टर, आय युज राँग, इज इट?”

आपला अहवाल, आपली सही, वेगाचे चाळीस गुण, यातलं नरेश त्या माणसाला काय सांगणार? त्यांचं काही चुकत नाही, एवढं तो म्हणाला. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, बसून त्याने फॉर्म उघडला. ‘ग्राहकाची चूक’ रिकामी सोडली, तर फॉर्म लाल झाला. शेवटी त्याने लिहिलं: ‘काही नाही.’ फॉर्मने ते मुकाट्याने घेतलं.

त्याच आठवड्यात शनिवारी प्रबोधचा फोन आला. उद्या जरा घरी येशील का? आणि ती डी-ची सॅम्पल अजून तुझ्याकडेच आहेत ना?

प्रबोध कॉन्डोत, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत, राहायचा; तिथे दर वर्षी गणपती बसायचा आणि ऑफिसातले बहुतेक मराठी लोक जेवायला असायचे. सहा वर्षांत नरेशला बोलावणं आलं नव्हतं. त्याचं आडनाव कळल्यावर प्रबोधने एकदा, तुमच्याकडे गणपती नसेल ना, असं काळजीने विचारलं होतं आणि नंतर तोच निर्णय कायम ठेवला होता. नरेश त्या घरात पहिल्यांदा शिरला तो साबणदाणी काखेत धरून.

प्रबोधची बायको स्मिता मोकळी बाई होती. तिने नरेशला बसवलं, चहा दिला आणि नवऱ्यासमोरच सांगायला लागली. टीव्हीखाली हा सहा पायांचा प्राणी बसवल्यापासून तन्मयच्या खोलीत काही चालत नाही, पोरगा अभ्यासाच्या नावाखाली कॅफेत जाऊन बसतो. “ऑफिसात ह्यांचा फोटो आहे म्हणे याच्याबरोबर,” ती म्हणाली. “तोच इथे लावला असता तर निदान जागा भरली असती.” प्रबोध हसला. नरेशने चहात बघितलं.

त्या कॉन्डोत शेल्टर नव्हतं, साध्या विटांच्या दोन भिंती होत्या. वीस मिनिटांत साबणदाणी लागली आणि तन्मयच्या खोलीतून, ‘ओके, नाऊ कॅन,’ असा आवाज आला. प्रबोध लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, हे ऑफिसात नको काढूस, सॅम्पल आहे, उगाच कुणी काहीतरी बोलायचं.

मंगळवारी तक्रारींवर बैठक झाली. या वेळी कंपनीच्या ऑपरेशन्सच्या प्रमुख मिस ताय स्वतः आल्या होत्या. प्रबोधने पडद्यावर कारणं दाखवली. बासष्ट टक्के तक्रारी भिंतींमुळे, तीस टक्के ग्राहकांच्या सवयींमुळे. उरलेल्या आठ टक्क्यांत हवामान होतं. उपाय म्हणून त्याने मोहिमेचा दुसरा टप्पा मांडला: प्रत्येक ग्राहकाला कंपनीचा लोगो असलेलं रबरी दारअडकण फुकट द्यायचं, म्हणजे शेल्टरचं दार उघडं राहील. नमुना टेबलावर फिरला. दोघा-तिघांनी तो दाबून पाहिला आणि रबर चांगलं असल्याचं म्हटलं.

तो नरेशच्या हातात आला तेव्हा त्याने तो पुढे दिला नाही. बैठक इंग्रजीत चालू होती, तोही इंग्रजीतच बोलला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने सर म्हटलं नाही.

“प्रबोध, परवा रविवारी मी तुमच्या घरी डी बसवला. तुमच्याकडे तर शेल्टरही नाही. मग ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण दारअडकण का देतोय?”

मिस तायनी प्रबोधला विचारलं, हे खरं आहे का. प्रबोध म्हणाला, ती तुलनात्मक चाचणी होती. अनौपचारिक. मिस तायनी विचारलं, मग निकाल काय लागला. प्रबोधने समितीकडे पाहिलं. समिती दारअडकणाकडे पाहत होती.

“डी चालतो,” तो म्हणाला.

मिस तायनी नरेशला आणखी काही आहे का म्हणून विचारलं. नरेशने एकतीस पानांचा मूळ अहवाल पुढे केला, आणि अकरा पानांवर सही आपणच केली होती हेही सांगितलं. मिस ताय नकाशे बराच वेळ पाहत होत्या. त्यांनी कुणालाच रागावून काही म्हटलं नाही. ज्या घरांतून तीनदा तक्रार आली असेल तिथे राउटर बदलून डी द्यावा, एवढं सांगून त्या उठल्या.

पुढे जे झालं ते कंपनीच्या रीतीला धरूनच झालं. खेकडे इतके घेऊन ठेवले होते, की नव्या ग्राहकांना तेच जात राहिले; साबणदाणी तीनदा भांडणाऱ्यांना मिळाली. गोहंनी एकदाही तक्रार केली नव्हती, कारण चूक आपली असावी असं त्यांना वाटत होतं. नरेशने स्वतः कॉल सेंटरला त्यांच्या नावाने तीन फोन केले, तिसऱ्या वेळी जरा आवाज चढवून, आणि त्यांचा राउटर बदलवून घेतला. दारअडकणांची ऑर्डर आधीच गेली होती, त्यामुळे तीही वाटली गेली. वर्षअखेरीस प्रबोधला ‘तक्रारींचं जलद निवारण’ केल्याबद्दल बक्षीस मिळालं. आणि नरेशला, ग्राहकांची त्याला इतकी चांगली समज आहे म्हणून, चाचणीतून काढून कॉल सेंटरच्या प्रशिक्षणाला लावलं. पगार तोच राहिला. फोमची खोली मुंबईहून नव्याने आलेल्या वरुणकडे गेली.

दोन वर्षांनी नवे राउटर घ्यायची वेळ आली. वरुणने नरेशला फोन करून विचारलं, की ‘प्रत्यक्ष घर’ या रकान्यासाठी घराचे फोटो चालतील का. नरेशने त्याला शनिवारी दुपारी जेवायलाच बोलावलं. जान्हवीने वडाभात केला होता. वरुण दोनदा वाढून घेऊन जेवला आणि मग संध्याकाळपर्यंत लॅपटॉप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला, शेल्टरचं दार उघडून-मिटून पाहत राहिला. सोमवारी त्याने प्रामाणिक आकडे भरले. त्यात साबणदाणीची नवी आवृत्ती बरीच पुढे होती.

आणि तीच निवडली गेली. नरेशने हे ऐकलं तेव्हा क्षणभर त्याला वरुणचा अभिमान वाटला. मग निर्णयाचे कागद त्याच्या पाहण्यात आले. वरुणच्या आकड्यांना कुणी हात लावला नव्हता. ते कुणी वाचलेच नव्हते. मधल्या दोन वर्षांत जगाची आवड बदलली होती. अँटेनावाले काळे राउटर आता पोरकट वाटत, आणि पांढरं, गोल, दिवाणखान्यात खपून जाणारं काहीतरी सगळ्यांना हवं होतं. समितीने दिसण्याचे गुण पंधरावरून तीसवर नेले होते.

अनावरणाला सगळ्या ऑफिसला बोलावलं होतं. या वेळी सिंह नव्हता, वीणा वाजवणारी एक मुलगी होती. प्रबोधने पांढऱ्या शर्टात पांढरा राउटर तळहातावर धरून भाषण केलं. ग्राहकाचं घर हीच आमची प्रयोगशाळा, असं तो म्हणाला. हॉलच्या मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या नरेशने टाळ्या वाजवल्या. राउटर चांगला होता, त्याच्यासाठी वाजवल्या. शेजारी उभा असलेला वरुण त्याच्याकडे बघत राहिला आणि मग त्यानेही हळूहळू वाजवल्या.

भाषण संपायच्या आधीच नरेश बाहेर पडला. खालच्या मजल्यावर कॉल सेंटरची आठ नवी माणसं हेडफोन घालून त्याची वाट पाहत बसली होती. त्या दिवशी त्यांना एकच गोष्ट शिकवायची होती: ग्राहक बोलत असेल तोवर मध्ये बोलायचं नाही. तेवढं शिकवायला त्याला दुपारपर्यंत वेळ लागला.